हातचं राखून

देवूला शिरगावहून घरी आणलं ते गाडीत आडवा घालून. पावसाळा तोंडावर आला की बोटी पाण्याबाहेर ओढून किनाऱ्यावर झाकून ठेवतात. त्या कामासाठी नाखवानं सगळ्या खलाशांना थांबवून घेतलं होतं. ओंडक्यांवरून बोट वर घेताना सगळ्यांनी एका दमात जोर लावला, एक ओंडका कडेला घरंगळला आणि खांद्यावर आलेला भार देवूच्या कंबरेत उतरला. तो वाळूत गुडघ्यांवर बसला तो उठेचना. कमलाकांत नाखवा माणूस भला. त्यानं गाडी करून दिली, सोबत सुक्या बोंबलांची पिशवी दिली आणि म्हणाला, "पडून राव्ह. नारळी पुनवेला बोट सुटंल तेवा ये."

नागझरीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला देवूचा पाडा. गाडी बांधापर्यंतच आली. तिथून चौघांनी त्याला खाटेवर घालून घरात नेलं.

त्याची बायको ठमी तेव्हा बोईसरला कामावर होती. संध्याकाळी ती आली तर अंगणात शेजारच्या बाया उभ्या, आणि आतून कण्हण्याचा आवाज. ती बायांतून वाट काढत आत शिरली.

"जिता हाय," सासू म्हणाली. झुंबर तिचं नाव. चुलीवर निगडीचा पाला उकळत ठेवून ती फडक्यानं भांडं हलवत होती. "कंबार गेली त्याची. मी शेकते, तू चोळ. माज्या हातात आता जोर नाय."

देवू पालथा पडला होता. शर्ट वर सरकवलेला. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं काळी पडलेली पाठ घामानं चमकत होती. ठमीनं हातपाय धुतले, मोहाच्या बियांचं तेल वाटीत घेऊन चुलीशी कोमट केलं आणि त्याच्याजवळ बसली.

तिचा हात कंबरेवर पडला आणि तिला लगेच कळलं. मणक्याच्या उजव्या अंगाला, हाडाच्या जरा वर, एक गाठ होती. तांदळात खडा लागावा तशी ती अंगठ्याला लागली. तिथून खाली कुल्ल्यापर्यंत सगळं दोरीसारखं ओढलेलं. अंगठा तिथं थांबू पाहत होता. बाजूनं हळूहळू आत कसं शिरायचं, श्वास सोडायला सांगून कोपर कधी टेकायचं, हे सगळं हातांना ठाऊक होतं.

तिनं अंगठा उचलला आणि तळव्यानं वरखाली चोळायला लागली. कुठल्याही घरात कुठलीही बायको चोळते तसं.

"जोर लाव की जरा," देवू म्हणाला.

"दुखंल."

"दुखू दे. दुकतंच हाय."

तिनं जोर लावला, पण भलतीकडं. देवूनं दात आवळले. थोड्या वेळानं म्हणाला, "तुज्या हातात कायच नाय ठमे."

"दमून आलेय कामावरनं," ती म्हणाली आणि वाटी उचलून बाहेर गेली.

तिचं काम म्हणजे कंपनीत पॅकिंगचं, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. पाड्यावरच्या बऱ्याच पोरी तारापूरच्या कंपन्यांत जात, बाटल्या भरत, खोके चिकटवत. ठमीही त्यांच्याच गाडीत बसून जायची. फक्त त्यांच्या आधी उतरायची, पुलाच्या अलीकडं.

तिथं एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बायकांसाठीच चालवलेलं एक मसाज सेंटर होतं. भाग्यश्री मॅडम ते चालवायच्या. ठमी आधी तिथं फरशी पुसायला लागली होती. एक दिवस एक मुलगी अचानक काम सोडून गेली, बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, आणि मॅडमनी ठमीचे हात बघितले. लाकडं फोडलेले, भात झोडलेले हात. पुढं मणिपूरची एक बाई शिकवायला आली. तिची भाषा ठमीला कळायची नाही आणि ठमीची तिला, पण ती ठमीच्याच पाठीवर करून दाखवायची आणि मग ठमीकडून स्वतःच्या पाठीवर करून घ्यायची. ठमी भराभर शिकली. "ठमी नाव गिऱ्हाइकांना जड जातं गं," मॅडम म्हणाल्या, आणि तिचं नाव रिया झालं.

हे घरी सांगायचं तिनं ठरवलं होतं. शिमग्याला देवू सुट्टीवर आला तेव्हा सांगणारच होती. पण त्या दिवशी शेजारचा रूपेश मोबाइल घेऊन ओट्यावर आला. कुठल्यातरी शहरात पोलिसांनी धाड घातली होती आणि ओढण्यांनी तोंडं झाकलेल्या बायका गाडीत चढत होत्या. खाली मसाज असं काहीतरी लिहिलेलं. "मसाज!" देवू म्हणाला. "मसाज म्हंजे काय ते आमाला म्हाईत हाय." सगळे हसले. झुंबरही हसली. ठमीनं ओठ ताणले आणि चहाचे पेले गोळा केले. मग बोलणं राहून गेलं.

आता देवू घरात पडून होता आणि पाऊस लागला होता. दिवसरात्र कौलांवर एकच आवाज. देवू एका कुशीवर निजायचा, पाय पोटाशी घेऊन. बाहेर जायचं तर आईच्या खांद्यावर हात टाकून, फरपटत. दारामागं त्याच्यासाठी डबा ठेवला होता. तो उचलायला ठमी गेली की तो तोंड भिंतीकडं करायचा. पालघरला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हाड शाबूत आहे, स्नायू धरलाय, म्हणाले, आराम सांगितला. गोळ्यांनी झोप यायची, दुखणं तसंच राहायचं.

ठमी रोज संध्याकाळी तेल लावायची. रोज तिचा अंगठा त्या गाठीवरून पुढं जायचा. आज करू, आज करून टाकू, असं गाडीत बसल्यावर तिला वाटायचं. घरात शिरलं की वाटायचं, हात फिरला की हा विचारणार. देवू भोळा नव्हता. समुद्रावर राहिलेला माणूस, दोर कुणी बांधला ते गाठ बघून सांगायचा.

एका शनिवारी सेंटरमध्ये कोळगावच्या कचेरीत काम करणारी बाई आली. ती दर काही दिवसांनी यायची. दिवसभर खुर्चीत बसून तिचीही कंबर उजव्या अंगालाच धरायची. ठमीनं दिवा मंद केला, टॉवेल खाली केला, तेल हातावर चोळून गरम केलं. मग गाठीच्या कडेकडेनं शिरत, थांबत, पुन्हा शिरत तिनं ती गाठ सोडवली. बाईनं मोठा श्वास टाकला. तिचे खांदे टेबलावर पसरले.

"रिया, तुझ्या घरच्यांचं नशीब आहे बाई," ती बाई तोंड उशीत खुपसून म्हणाली. "नवऱ्याला करतेस की नाही?"

"करते ना, मॅडम."

बाई झोपी गेली. ठमी तिच्या पायांशी उभी राहिली. काचेबाहेर पाऊस होता, खाली ट्रकांचे भोंगे. परक्या बाईच्या पाठीला आराम पडला होता आणि आपलं माणूस घरात भिंतीकडं तोंड करून पडलंय, हे तिच्या मनातून जाईना. तिनं हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

आवणीचे, भात लावायचे दिवस आले. राबातली रोपं वीतभर उंच झाली. डोंगराच्या कुशीतला देवूचा तुकडा लहान, सगळा पावसाच्या पाण्यावर. पाणी उभं आहे तोवर लावणी झाली तर झाली, नाहीतर रोपं राबातच म्हातारी होतात. रूपेशनं बैल आणून चिखल करून दिला, पण लावायला माणूस मिळेना. जो तो आपापल्या शेतात वाकलेला. ठमीनं सुट्टी घेतली. झुंबर बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायची, ठमी एकटी लावायची. एवढं लावून व्हायचं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी तिनं मान वर केली तर देवू येताना दिसला. काठी टेकत, एका बाजूला कलून, इरलं न घेता.

"कशाला आलास?" झुंबर ओरडली.

"बसून लावतो," देवू म्हणाला.

तो चिखलात उतरला. बसून लावता येत नाही हे त्यालाही माहीत होतं. त्यानं चार रोपं खोचली, पाचव्याला वाकला आणि तिथंच राहिला. ना वर होता येई, ना खाली. मग त्याचे हात सुटले आणि तो चिखलात हातांपायांवर पडला, डोकं खाली घालून, जनावरासारखा. पलीकडच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "देवू, औत जुंपू काय रं?" बायका हसल्या. वाईट मनानं नाही, आवणीत माणसं अशीच बोलतात. पण देवूनं मान वर केली नाही. रूपेश धावत आला, त्यानं त्याला पाठुंगळीला घेतलं. देवूच्या नाकातोंडातून चिखलाचं पाणी गळत होतं.

ठमी त्यांच्या मागोमाग घरी गेली. रूपेश त्याला ओट्यावर ठेवून शेतात परतला. ठमीनं घागरीनं देवूचं अंग धुतलं, कोरडं केलं, आत घेतलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला. त्याची पाठ हलत होती. तो रडतोय हे तिला उशिरा कळलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं ते पाहिलं नव्हतं.

तिनं दार लोटलं. तेल गरम केलं.

"पालता हो," ती म्हणाली.

"नको आता."

"हो पालता. हात खाली सोड. डोकं एका अंगाला कर."

तिचा आवाज वेगळा होता. देवू पालथा झाला.

तिनं आधी हात नुसते ठेवले. पाठ वरखाली होत होती. ती शांत होईपर्यंत ठमी थांबली. मग दोन्ही तळवे मणक्याच्या बाजूंनी खांद्यापर्यंत नेले आणि फासळ्यांवरून परत आणले, पुन्हा नेले, परत आणले. कातडीवर मिठाचे जुने चरे होते, दोराचा वळ होता. पुरुषाच्या पाठीवर असं तिनं कधी केलं नव्हतं. बायकांपेक्षा मांस घट्ट, हाड रुंद. पण वाटा त्याच होत्या. ती कंबरेशी आली. अंगठा गाठीपाशी आणला आणि या वेळी उचलला नाही.

"श्वास घे. आता सोड. सोड सगळा."

तो श्वास सोडत गेला तशी ती आत शिरत गेली. देवू ओरडला.

"थांब. पळू नको. हितंच राव्ह," ती म्हणाली.

तिनं कोपर टेकलं, अंगाचा भार थोडा थोडा दिला. गाठ दगडासारखी होती. मग दगडाचं ढेकूळ झालं. मग ढेकूळ पाण्यात विरघळायला लागावं तसं तिच्या कोपराखाली काहीतरी सैल झालं, आणि देवूच्या मांडीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक थरकाप गेला. त्याच्या तोंडातून बारीक पोरासारखा आवाज निघाला. ती थांबली नाही. कुल्ला, मांडी, पोटरी, पुन्हा कंबर. तिच्या कपाळावरचा घाम त्याच्या पाठीवर टपटप पडत होता. बाहेर पाऊस कमी झाला, पुन्हा वाढला. केव्हातरी देवू झोपला. तोंड उघडं, हात दोन्हीकडं पसरलेले. किती दिवसांनी तो पाय लांब करून निजला होता.

ठमीनं त्याच्यावर गोधडी घातली आणि शेतात परत गेली. मुठी पाण्यात पडून होत्या. ती वाकून लावत राहिली. हाताला मोहाच्या तेलाचा वास होता, तो चिखलानंही जाईना.

दुसऱ्या दिवशीही तिनं त्याला चोळलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या सकाळी देवू उठून अंगणात उभा राहिला. सरळ. झुंबरनं कानशिलांवर बोटं मोडली. "गोळ्या लागू पडल्या," ती शेजारणीला सांगत होती. देवू हसला. भाकरी आणि बोंबलाची चटणी पोटभर खाल्ली आणि इरलं डोक्यावर घेऊन शेतात उतरला.

दोघं शेजारी शेजारी लावत होती. हात चिखलात जात होते, वर येत होते. मग देवू मूठ सोडता सोडता म्हणाला, "कंपनीत हे शिकवतात?"

ठमीचा हात थांबला. खोटं तयार होतं. मावशीनं शिकवलं, कुण्या बाईनं दाखवलं. पण कंटाळा आला होता तिला.

"कंपनीत नाय मी," ती म्हणाली. "बोईसरला बायांचं मसाजचं सेंटर हाय. तिथं करते."

देवू लावत राहिला.

"बायाच येतात," ती म्हणाली. "गड्यांना दारातनं आत घेत नायत."

"मग गड्याची पाठ तुला कशी कळली?"

"पाठ पाठच असते."

तिला वाटलं तसं ते उत्तर लागलं नाही. देवूनं एक ओळ पुरी केली. मग कंबरेवर हात ठेवून हळूच सरळ झाला आणि पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

"पयल्या दिवशी तेल लावलंस, त्या दिवशी तुला म्हाईत होतं? कुठं दुकतंय ते?"

ठमीनं हातातलं रोप खोचलं.

"बोल की."

"होतं."

"इतके दिवस मी कुत्र्यासारका आरडत होतो. डब्यात मुतत होतो. आणि तुला म्हाईत होतं."

तिला सांगायचं होतं, तो मोबाइल, ते हसणं, पेले गोळा केलेले. पण त्यातलं एकही आता तोंडातून निघण्याजोगं नव्हतं. देवूनं मुठींचा भारा उचलला आणि शेताच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथून तो लावत आला, इथून ती. संध्याकाळी दोघांच्या ओळी मध्यावर भेटल्या तेव्हा त्यानं हात धुतले आणि घराकडं चालू लागला.

त्या दिवसापासून त्यानं पाठीला हात लावू दिला नाही. आईकडून निगडीचा शेक घ्यायचा. जेवण ठमीनं वाढलं तर जेवायचा, चांगलं वाईट काही म्हणायचा नाही. झुंबरला काही कळेना. "काय बोललीस त्याला?" ती ठमीला विचारायची. ठमी म्हणायची, "काय नाय, आये." लावणी झाल्यावर ठमी पुन्हा कामाला जाऊ लागली. जाऊ नको असं देवू म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

एके दिवशी काम संपवून ती जिना उतरली तेव्हा खालच्या वॉचमननं तिला थांबवलं.

"रिया, आज एक आदमी आया था. इधर सामने बहुत देर खड़ा रहा. फिर पूछने लगा, ठमी है क्या, ठमी को बुलाओ."

ठमीनं कठडा धरला. "मग? तुमने क्या बोला?"

"बोला, इधर कोई ठमी-वमी नहीं है. ये लेडीज़ लोग का है, चलो आगे. जाता ही नहीं था, बाँह पकड़ के हटाना पड़ा." वॉचमन जरा ओशाळला. "तेरे गाँव का था क्या?"

ती धावत नाक्यावर आली. गाडी भरायला वेळ लागला, मग पुलाखाली ट्रक अडकला. पाण्याच्या चिळकांड्या आत येत होत्या. आपलं नाव विचारत तो माणसांसमोर उभा राहिला असेल, कंबरेवर हात ठेवून, धुतलेला शर्ट घालून. आणि तिथं कुणी ठमी नाही. शेतात सांगितलं तेही खोटंच, असं त्याला वाटलं असणार.

घरी झुंबर एकटीच चुलीपाशी होती.

"गेला," ती म्हणाली. "दुपारीच आला, कापडं घेतली, शिरगावला गेला. जाळी विणायची हायत म्हणं. पुनवेला अजून टाइम हाय, म्या म्हटलं. ऐकंल तर ना." मग तिनं ठमीकडं नीट बघितलं. "तुमचं काय झालंय?"

ठमीनं चुलीत लाकूड सारलं. सांगायला एवढीच एक बाई होती, आणि तिलाच सांगता येत नव्हतं.

सेंटरला सोमवारी सुट्टी असायची. त्या सोमवारी ठमी भावनाबरोबर शिरगावला गेली. भावना तिच्याबरोबरच काम करायची, शिरगावचीच. तिनं किल्ल्यापर्यंत सोबत केली, किनाऱ्याकडं बोट दाखवलं आणि आपल्या घरी वळली.

बोटी अजून झाकलेल्या होत्या. ताडपत्र्यांवर पावसाचं पाणी साचलेलं. एका छपराखाली खलाशी बसून जाळी सांधत होते. देवू कडेला होता. ती दिसल्यावर तो उठला नाही, पण सुई थांबली. बाकीचे एकदा बघून पुन्हा कामाला लागले.

ठमी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"तिथं माजं नाव रिया हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मॅडमनी ठेवलं. वॉचमननं तुला सांगितलं ते खोटं नवतं, पण खरंबी नवतं. मी वरतीच होते."

देवूनं सुई जाळ्याच्या एका घरातून दुसऱ्यात घातली, दोरा ओढला.

"रिया म्हणून हाक मारली की ओ देतंस?"

"देते."

"लगेच?"

"आता लगेच. आदी कळायचं नाय, माला बोलावतात ते."

त्यानं मान हलवली. जणू हेच त्याला विचारायचं होतं आणि बाकीचं काही नाही. वारा जाळ्याचा वास घेऊन येत होता. तो जरा पुढं वाकला तेव्हा तिनं बघितलं, उजवी बाजू तो अजून राखूनच हलवत होता. तिचा हात आपोआप उचलला गेला. देवू म्हणाला, "हितं नको," आणि तिनं हात मांडीवर ठेवला.

कमलाकांत नाखवा छत्री घेऊन आला. "बायको काय रं तुजी?" त्यानं देवूला विचारलं. "काय करते?"

"बोईसरला कामाला हाय."

"कंपनीत?"

देवू क्षणभर जाळ्याकडं बघत राहिला. "व्हय," तो म्हणाला. "कंपनीत."

नाखवा पुढं गेला. देवूनं तिला झाकलं की स्वतःला, ते ठमीला कळलं नाही. तिनं बरोबर आणलेली भाकरी त्याच्यापाशी ठेवली आणि उठली. "जाते," म्हणाली. तो म्हणाला, "जा. पाऊस येतोय."

नारळी पुनव झाली, बोटी सुटल्या. डोंगराच्या कुशीतलं भात हिरवंगार झालं, पण ते बघायला देवू नव्हता. ठमी सकाळी जायची, संध्याकाळी यायची. दिवसभर तिच्या हाताखाली पाठी यायच्या. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, दिवसभर मशीनपाशी उभ्या राहणाऱ्या मुली. कुणी गप्प पडून राहायची, कुणी सासूची गाऱ्हाणी सांगायची. सगळ्या हलक्या होऊन उठायच्या, केस बांधायच्या, जायच्या. घरी आल्यावर ठमी आपला दुखरा अंगठा गरम पाण्यात बुडवून बसायची. तिच्या खांद्यांतही आता कळ यायची. स्वतःची पाठ स्वतःला चोळता येत नाही. भिंतीला टेकून ती खांदे घासायची आणि झुंबर म्हणायची, "म्हशीगत काय करतंस?"

शेजारणी विचारायच्या, देवूचा निरोप आला काय? नाही, ती सांगायची. समुद्रावर फोन लागत नाही. लागत नाही हे खरं होतं. पण बोट बंदरात आली की लागतो, हेही शेजारणींना माहीत होतं. मग त्यांनी विचारायचं सोडलं. ते जास्त जड गेलं.

श्रावण संपत आला तेव्हा, एका सोमवारी, दिवस चांगला वर आलेला असताना देवू बांधावरून चालत आला. खांद्याला पिशवी, हातात काथ्याच्या दोरीत ओवलेली मासळी. ठमी अंगणात धान्य निवडत होती. त्यानं मासळी आईच्या हातात दिली. पाय धुतले. शेताकडं तोंड करून जरा वेळ उभा राहिला.

"बरं आलंय भात," तो म्हणाला.

"व्हय," ठमी म्हणाली.

"आये, मासळी बाहेर घेऊन बस," देवू म्हणाला आणि आत गेला.

ठमी सूप घेऊन तशीच बसून होती. मग आतून त्यानं हाक मारली. "ठमे."

ती आत गेली तर त्यानं चटई पसरली होती, शर्ट काढून ठेवला होता आणि तो पालथा निजला होता. डोकं एका अंगाला, हात खाली सोडलेले.

तिनं विचारलं, "दुकतं काय?"

"व्हय."

"कुठं?"

"सगळीकडं."

तिनं तेल कोमट केलं. तळवे ठेवले, पाठ शांत व्हायची वाट बघितली, मग कंबरेशी आली. अंगठा उजव्या अंगाला नेला. गाठ नव्हती. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, डाव्या अंगाला बघितलं, खांद्यापर्यंत गेली आणि परत आली. कुठं काही धरलेलं नव्हतं. होडी ओढणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या माणसाची धडधाकट पाठ होती ती. दुखत नव्हतं त्याला.

देवूनं डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "सापडलं?"

"सापडंल," ठमी म्हणाली.

ती हात फिरवत राहिली. फासळ्यांवरून खाली, मणक्याच्या बाजूनं वर. तेल संपलं तसं तिनं पुन्हा घेतलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं. ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

बाहेरून झुंबरचा आवाज आला, "ठमे, मासळी मी चिरू, का तू येतंस?"

"तू चीर, आये," ठमी म्हणाली. "माला येळ लागंल."